केशकर्तनाचा धंदा आणि स्वतःचं सलून : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

इथली उत्तरं तालुक्याच्या गावात किंवा शहराच्या उपनगरात एक ते चार खुर्च्यांचं सलून चालवणाऱ्यांना, आणि तिथवर पोचू पाहणाऱ्यांना समोर ठेवून लिहिली आहेत. मॉलमधल्या वीस खुर्च्यांच्या दुकानाचं गणित वेगळं असतं. हिशेबातले रुपये उदाहरणादाखल आहेत, तिथे आपल्या गावचे दर घालून पुन्हा मांडा.

शिकायचं कुठे? अकादमी, आयटीआय की कुणाच्या तरी हाताखाली?

आयटीआयमध्ये कॉस्मेटोलॉजीचा एक वर्षाचा ट्रेड आहे. फी कमी असते आणि प्रमाणपत्र सरकारी मिळतं. त्यात केसांबरोबर त्वचा, मेकअप, मेंदी हे सगळं येतं, त्यामुळे कात्रीला मिळणारे तास मोजकेच. खासगी अकादम्यांची फी काही हजारांपासून काही लाखांपर्यंत जाते. फी भरण्याआधी एकच प्रश्न विचारा : पूर्ण कोर्समध्ये मी स्वतःच्या हाताने जिवंत माणसांचे किती कट करणार? आकडा सांगायला टाळाटाळ झाली, किंवा सगळा सराव डमीवरच असेल, तर दुसरीकडे बघा.

चालत्या दुकानात हाताखाली राहिलं की वेग येतो आणि गिऱ्हाईक सांभाळायला शिकता येतं. कलरचं रसायन मात्र तिथे बहुतेक वेळा अंदाजानेच चालतं. म्हणून पुरुषांच्या सलूनमध्ये जायचं असेल तर वर्षभर हाताखाली काम आणि मधे कलरचा छोटा कोर्स, हा मार्ग आम्हाला सर्वात स्वस्त आणि पक्का वाटतो. बायकांचे कट आणि केमिकलची कामं (केस सरळ करणं, रंगवणं) करायची असतील तर आधी अकादमी, मग हाताखाली काम.

हात बसायला किती दिवस लागतात?

दाढी आणि साधा मशीन कट रोज केला तर तीन-चार महिने. कात्री-कंगव्याने नीट उतार काढायला आठ-दहा महिने. स्किन फेड (खाली कातडीपर्यंत कापून वर हळूहळू लांब होत जाणारा कट) डाग न पडता निघायला वर्ष लागलं तरी चालतं. क्रम महत्त्वाचा आहे : आधी केस धुणं आणि ड्रायर, मग दाढी, मग मशीन, मग कात्री. ड्रायर आधी अशासाठी, की केस कुठे वळतो, भोवरा कुठे आहे, हे कापण्याआधी बोटांना कळलं पाहिजे.

दाढीचा सराव फुगवलेल्या फुग्यावर फेस लावून करतात, ते थट्टेवारी नेऊ नका. वस्तरा त्वचेशी साधारण ३० अंशांत धरायचा, दुसऱ्या हाताने कातडी ताणायची आणि वस्तऱ्याची पहिली फेरी केसाच्या दिशेने मारायची. गुळगुळीत व्हावी म्हणून मानेवर उलटा वस्तरा मारला की दोन दिवसांनी तिथे पुळ्या येतात, आणि गिऱ्हाईक ब्लेडला दोष देत दुकान बदलतं.

फेडमध्ये शिकाऊ मुलं चुकतात ती जागा ठरलेली आहे : डोक्याच्या मागच्या हाडाखालचा खळगा. मशीन सरळ वर नेलं की तिथले केस लांब राहून काळा पट्टा दिसतो. तिथे पात्याचा कोपरा वापरून, मनगट बाहेर वळवत झटके द्यावे लागतात. गार्डचे, म्हणजे मशीनवर चढवायच्या कंगव्यांचे, आकडे पाठ हवेत : १ नंबर म्हणजे ३ मिमी, २ म्हणजे ६, ३ म्हणजे १०, ४ म्हणजे १३. मशीनच्या बाजूचा लिव्हर उघडा-बंद करून मधली मापं मिळतात. ० ते १ आणि १ ते २ यांच्या मधली रेघ लिव्हरनेच मोडायची, पुढचा गार्ड घाईने लावून मोडत नाही.

ओला केस ताणला जातो आणि वाळला की आखडतो. कुरळ्या केसांत हा फरक बोटभरही असतो. कपाळावरची झुल्फं ओली असताना हवी त्या मापावर कापली की वाळल्यावर भुवईच्या वर जाऊन बसतात. बायकांच्या कटमधल्या तक्रारी मोठ्या प्रमाणात याच एका गोष्टीतून येतात.

सुरुवातीला कोणती हत्यारं घ्यावीत?

थोडी, पण बरी. कट करायला साडेपाच-सहा इंची कात्री, कंगव्यावरून कापायला साडेसहा-सात इंची दुसरी, केस विरळ करायला तीसेक दातांची एक थिनिंग कात्री. एक मोठं मशीन, एक ट्रिमर, बदलत्या ब्लेडचा वस्तरा, कंगवे, क्लिप, पाण्याचा फवारा, ब्रश. मध्यम दर्जाची घेतली तर पंधरा हजारांच्या आसपास बसतात. गाव लोडशेडिंगचं असेल तर दोन्ही मशिनं चार्जिंगवरचीच घ्या.

कात्रीचा स्क्रू आठवड्यातून एकदा तपासा. एका कडीला धरून पाती काटकोनात उघडा आणि दुसरी कडी सोडून द्या. पातं अर्धवट मिटून थांबलं तर ताण बरोबर. खटकन पूर्ण मिटलं तर स्क्रू ढिला आहे, केस पात्यात दुमडेल. जागचं हललंच नाही तर घट्ट आहे, अंगठा दुखेल. चांगल्या कात्रीची धार बहिर्वक्र असते. दारावर येणाऱ्या चाकू-सुरीवाल्याच्या सहाणेवर ती एकदा लावली की कायमची गेली.

घरचे म्हणतात, "हा काय धंदा आहे?" आम्ही नाभिक समाजाचेही नाही. काय करावं?

बलुतेदारीत वर्षभर गावाची डोई करून सुगीला धान्य घेणाऱ्या नाभिकाला गावाने जो दर्जा दिला, त्याची सावली अजून या प्रश्नावर आहे. ज्यांच्या घरात पिढ्यान् पिढ्या हे काम चालत आलं त्यांनाही लग्नाच्या बोलणीत तो प्रश्न ऐकावा लागतो, आणि बाहेरून येणाऱ्याला तर दोन्हीकडून. वाद घालून घरचे बदलत नाहीत. सहा महिन्यांचा जमाखर्च वहीत दाखवल्यावर सूर खाली येतो, एवढं खरं.

बाहेरून येणाऱ्यांनी एक पथ्य पाळावं. गावातल्या जुन्या दुकानदारांना आधी भेटा, दर आणि सुट्टीचा वार यांची माहिती घ्या. बऱ्याच गावांत नाभिक संघटना दर ठरवते, सोमवारची सुट्टी पाळते, संत सेना महाराजांच्या पुण्यतिथीला, श्रावण वद्य द्वादशीला, दुकानं बंद ठेवते. संघटनेत जाण्याची सक्ती नाही, पण पहिल्याच महिन्यात निम्म्या दराची पाटी लावली तर अडचणीच्या दिवशी साधं ब्लेडचं पाकीटही उसनं मिळत नाही.

बाईने पुरुषांची दाढी-कटिंग करणं चालतं का?

गडहिंग्लज तालुक्यातल्या हसूरसासगिरीच्या शांताबाई यादव यांनी पतीच्या निधनानंतर, १९८० च्या दशकात, लहान मुलींना पोसण्यासाठी वस्तरा हातात घेतला आणि आसपासच्या खेड्यांत फिरून तो चालवला. तेव्हा हसणारे गिऱ्हाईक म्हणून आलेच. आज शहरांत युनिसेक्स सलूनमुळे प्रश्न बोथट झाला आहे. गावात लहान मुलांपासून आणि घरी जाऊन म्हाताऱ्या, आजारी माणसांची दाढी-कटिंग करण्यापासून सुरुवात केली तर ओळख लवकर पसरते. अंथरुणाला खिळलेल्या माणसाची कटिंग करून देणारा कारागीर बहुतेक गावांत मिळतच नाही, आणि त्याचे दुप्पट पैसे लोक आनंदाने देतात.

पगारावर काम करावं की टक्केवारीवर?

हात कच्चा असेल तोवर पगार. दिवसाला सात-आठ गिऱ्हाइकं स्वतःच्या नावाने येऊ लागली की टक्केवारी. पन्नास-पन्नास सगळ्यात जास्त चालते. माल कोणाचा हे आधी ठरवा : ब्लेड, फोम, कलर मालकाचा असेल तर पन्नास ठीक, तुमचा असेल तर साठ मागा. कलर आणि केरॅटिनमध्ये (केस सरळ, मऊ करायचं रासायनिक काम) मालाची किंमत आधी वजा करून उरलेल्याचे दोन भाग करायचे, हे तोंडी न ठेवता वहीच्या पहिल्या पानावर लिहून दोघांनी सही करावी. भांडणं होतात ती इथेच.

स्वतःचं दुकान कधी काढावं?

आधी हिशेब बघा, मग मुहूर्त. समजा गाव तालुक्याचं, दोन खुर्च्या, एका खुर्चीवर मालक स्वतः, दुसरीवर पन्नास टक्क्यांचा कारागीर. महिन्याचे २६ दिवस, एका गिऱ्हाइकामागे सरासरी १३० रुपये.

मालक रोज १० गिऱ्हाइकं करतो : ३३,८०० रुपये.
कारागीर रोज ९ करतो : ३०,४२० रुपये, त्यातले दुकानाला १५,२१०.
म्हणजे दुकानाच्या हाती ४९,०१०.

खर्च : भाडं १०,०००, वीज ३,०००, पाणी-टॉवेल-झाडलोट २,०००, कर्जाचा हप्ता ६,०००, किरकोळ १,०००. एकूण २२,०००. माल एकूण गल्ल्याच्या आठ टक्के धरला तर सुमारे ५,१००. उरले जवळपास २१,९००.

आता हाच मालक दुसऱ्याच्या खुर्चीवर पन्नास टक्क्यांनी बसला असता, तर त्याच दहा गिऱ्हाइकांवर १६,९०० घरी नेले असते, तेही बिनधोक. म्हणजे कर्ज, करार, वीजबिल, कारागिराची मर्जी या सगळ्याच्या बदल्यात दुकानाने दिले पाच हजार. आणि कारागीर सोडून गेला की दुकानाच्या हाती राहतात ३३,८००, त्यातून २२,००० खर्च आणि २,७०० माल गेला की उरतात ९,१००. दुसऱ्याच्या खुर्चीवर मिळाले असते त्या १६,९०० पेक्षाही कमी.

हे वाचून घाबरू नका, पण यातून दोन गोष्टी घ्या. एक, दुकान फायद्यात येतं ते दुसऱ्या आणि तिसऱ्या खुर्चीवर. एकट्याच्या खुर्चीसाठी दहा हजार भाड्याची जागा घेणं म्हणजे जागामालकाची नोकरी करणं. दुसरं, हप्ता. तो ६,००० ऐवजी ३,००० असता तर कारागीर गेल्यावरही घर चाललं असतं. पहिल्या दुकानात सोफा, फॉल्स सीलिंग आणि एलईडीच्या पट्ट्यांवर कर्ज काढणं ही या धंद्यातली सगळ्यात महाग चूक आहे. गिऱ्हाईक आरशात स्वतःला बघतं, छताकडे नाही.

तयारीची खूण म्हणून आम्ही हे धरतो : तुमचं नाव घेऊन, तुम्ही मोकळे होईपर्यंत थांबणारी दीडशे माणसं. महिन्याला एकदा आली तरी दिवसाला सहा होतात. उरलेली चार रस्त्यावरून यायची असतात, म्हणून जागा.

जागा कशी बघावी, करारात काय असावं?

बस स्टँडजवळची जागा महाग असते आणि तिथलं गिऱ्हाईक परत येत नाही. वस्तीच्या तोंडाशी, किराणा किंवा दूध डेअरीच्या शेजारी, तळमजल्यावर, दुचाकी लावायला जागा असलेली बरी. आठवडी बाजाराच्या दिवशी तिथून किती माणसं जातात ते तासभर उभं राहून मोजा. दोन खुर्च्यांच्या मध्यापासून मध्यापर्यंत पाच फूट हवेत. त्यामुळे १० बाय १२ मध्ये दोनच खुर्च्या आणि एक बेसिन नीट बसतं, तिसरी खुर्ची कोंबली की तिन्ही हातांचा वेग कमी होतो.

महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा १९९९, कलम ५५ : भाडेकरार लेखी आणि नोंदणीकृत असला पाहिजे, ११ महिन्यांचा असला तरी, आणि नोंदणी करून घेण्याची जबाबदारी जागामालकाची. "आपण स्टँप पेपरवर करून टाकू" याला हो म्हणू नका. सलूनचं बेसिन, पाइप, आरसे हे उचलून नेता येत नाही अशा कामात जातं, म्हणून ११ महिन्यांऐवजी किमान ३६ महिन्यांचा करार मागा. दरवर्षीची वाढ टक्क्यांत लिहा, आणि त्या मुदतीत जागामालक तुम्हाला मधेच बाहेर काढू शकणार नाही, तुम्ही मात्र दोन महिन्यांच्या सूचनेने सोडू शकाल, असं ठरवता आलं तर पाहा. डिपॉझिट किती दिवसांत परत, आरसे आणि खुर्च्या कोणाच्या, हेही त्यातच. रस्ता रुंदीकरणाची रेघ दुकानावरून जाते का, हे नगरपरिषदेच्या नगररचना विभागात विचारून या. फेरी फुकट जात नाही.

वीज आणि पाणी यात काय चुकतं?

दोन ड्रायर प्रत्येकी २,००० वॅट, गिझर २,०००, दीड टनी एसी सुमारे १,७००. सगळं एकदम चाललं तर जवळजवळ पावणेआठ किलोवॅट. मंजूर भार दोन किलोवॅटचा असेल तर शनिवारी संध्याकाळी, गर्दीत, एमसीबी पडणार. गिझर आणि एसीला वेगळी वायर, १६ अँपिअरचे सॉकेट, आणि अर्थिंग खरोखर आहे का ते वायरमनकडून मोजून घ्या. ओल्या हातात ड्रायर धरला जातो. मीटर व्यावसायिक दराचाच घ्या, घरगुती मीटरवर दुकान चालवताना सापडलं तर फरक दंडासह भरावा लागतो.

बोअरचं पाणी जड असेल तर शॅम्पूला फेस येत नाही, केस चरबट होतो आणि कलर बरोबर बसत नाही. शेवटचं धुणं तरी नळाच्या पाण्याने करा. बेसिनखाली केसांची जाळी आणि दोन इंची सांडपाइप हवाच. सव्वा इंची टाकून वाचवलेले पैसे सहा महिन्यांत प्लंबर घेऊन जातो.

कोणकोणते कागद लागतात? जीएसटी भरावा लागतो का?

चार-पाच माणसांच्या दुकानाला २०१७ च्या दुकाने व आस्थापना कायद्याखाली नोंदणीची गरज नाही, ऑनलाइन सूचना द्यायची. तिच्या पावतीलाच लोक अजून गुमास्ता म्हणतात आणि बँका तीच मागतात. उद्यम नोंदणी आधारवर, सरकारी संकेतस्थळावर, फुकट होते. त्याचे हजार रुपये मागणाऱ्याला नमस्कार करा. नगरपरिषद किंवा ग्रामपंचायतीचा स्थानिक परवाना गावागणिक वेगळा, तिथेच विचारा.

जीएसटीची नोंदणी वर्षाची उलाढाल २० लाखांवर गेली की. वरच्या उदाहरणातलं दुकान पावणेआठ लाखांवर आहे, तेव्हा चिंता नको. मोठ्या दुकानांसाठी : २२ सप्टेंबर २०२५ पासून सलून सेवेवरचा दर १८ वरून ५ टक्क्यांवर आला, पण भाडं आणि मालावर भरलेल्या कराची वजावट आता मिळत नाही.

कर्ज कुठून घ्यावं?

सावकार आणि मोबाइलवरची झटपट कर्जं सोडून कुठूनही. पीएम विश्वकर्मा योजनेतल्या १८ व्यवसायांत नाभिक व्यवसाय आहे. पाच-सात दिवसांचं प्रशिक्षण आणि त्या काळात रोज ५०० रुपये, हत्यारांसाठी १५,००० चं ई-व्हाउचर, मग ५ टक्के व्याजाने आधी १ लाख (१८ महिने) आणि ते नीट फेडलं की २ लाख (३० महिने). कुटुंबातल्या एकालाच मिळतं, घरात सरकारी नोकरी नसावी, अर्ज सीएससी केंद्रातून.

मुद्रामध्ये शिशु ५०,००० पर्यंत, किशोर ५ लाखांपर्यंत, तरुण १० लाखांपर्यंत, तारण नाही. पहिल्या दुकानाला किशोरच्या खालच्या टोकाला राहा. मुद्राचं कर्ज चालू असताना विश्वकर्माचं मिळत नाही, म्हणून आधी विश्वकर्माचा अर्ज करून बघा. जिल्हा उद्योग केंद्रातून मुख्यमंत्री रोजगार निर्मिती कार्यक्रमात १५ ते ३५ टक्के अनुदान आहे, मात्र बँकेची मंजुरी आणि कागद यांत महिने जातात. अनुदान येईल या भरवशावर जागेचं डिपॉझिट देऊन बसू नका.

श्रावणात आणि पितृपक्षात दुकान ओस पडतं. काय करायचं?

श्रावणात अनेकजण दाढी-कटिंग करत नाहीत, गणपतीच्या आधीचे दोन दिवस रांग लागते, मग पितृपक्षात पुन्हा मंदी, आणि नवरात्र-दिवाळीत उसंत नाही. त्यातच कुणी मंगळवार पाळतं, कुणी गुरुवार, कुणी शनिवार. हे दरवर्षी येतं, तरी दरवर्षी अचानक आल्यासारखं वाटतं. उपाय पतसंस्थेची पिग्मी : रोज १०० रुपये, एजंट दुकानात येऊन नेतो. वर्षभरात तीस हजारांहून जास्त जमतात आणि श्रावणातल्या गल्ल्यात पडलेला खड्डा भरतो.

ओस दिवसांत बायका आणि मुलांची कामं घ्या, खुर्च्यांचे हायड्रॉलिक पंप दुरुस्त करा, दुकानाच्या भिंती रंगवा, कारागिराला कोर्सला पाठवा. श्रावणात दर उतरवू नका. जो धार्मिक कारणाने येत नाही तो वीस रुपये कमी केले म्हणून येणार नाही, आणि जो येतोच आहे त्याला उगाच सवलत मिळते.

कारागीर समोरच दुकान काढून बसला आणि गिऱ्हाइकं घेऊन गेला. कायद्याने अडवता येतं?

नाही. नोकरी सोडल्यावर तोच धंदा करू नये असं लिहून घेतलं असलं तरी भारतीय करार कायद्याच्या कलम २७ मुळे ते टिकत नाही. गिऱ्हाईक पाटीकडे बघून येत नाही, हाताकडे बघून येतं, आणि तो हात त्याचा होता.

करता येण्याजोगं बरंच आहे, पण ते आधी करायचं असतं. गिऱ्हाइकांचे नंबर दुकानाच्या व्हॉट्सअॅपवर असावेत, कारागिराच्या मोबाइलवर नव्हे. कलरचा नंबर, व्हॉल्यूम आणि किती मिनिटं ठेवला, याचं कार्ड दुकानात राहावं. कायमच्या गिऱ्हाइकाला वर्षातून दोन-तीनदा तरी दुसऱ्या खुर्चीवर बसवावं.

उचल हा दुसरा फास. पन्नास हजार उचल देऊन कारागीर बांधून ठेवल्यासारखं वाटतं, पण तो जातो तेव्हा उचलही जाते. पंधरा दिवसांच्या कमाईपेक्षा जास्त उचल देऊ नये, आणि ती वहीत सहीनिशी. टिकवायचा असेल तर वर्ष पूर्ण झाल्यावर पन्नासचे पंचावन्न टक्के करा. वरच्या हिशेबात ते महिन्याला दीड हजार होतात. तो गेल्यावर होणारं नुकसान जवळपास तेरा हजारांचं आहे.

गेलाच, तर पहिल्या आठवड्यात त्याची निंदा करू नका. त्याच्याकडे गेलेली निम्मी माणसं तिथे थांबावं लागलं की परत येतात, तुम्ही त्यांना तोंड दाखवण्याजोगं ठेवलं असेल तर.

कलर बिघडतो तो नेमका का?

कलरमध्ये मिसळायच्या पेरॉक्साइडचं गणित आधी : १० व्हॉल्यूम म्हणजे ३ टक्के, २० म्हणजे ६, ३० म्हणजे ९, ४० म्हणजे १२. पांढरे झाकायला २० व्हॉल्यूम, पूर्ण वेळ. लवकर व्हावं म्हणून ३० घेतलं की मुळं तांबूस होतात आणि टाळू चुरचुरते. प्रमाण ट्यूबच्या खोक्यावर असेल तेच, १ ला १ किंवा १ ला दीड. वजनकाट्यावर मोजा, वाटीत अंदाजाने पिळू नका.

केस उजळवताना टाळूच्या उबेने मुळाकडचा सेंटिमीटर-दीड सेंटिमीटर लवकर उजळतो. म्हणून आधी मधला भाग, मुळं शेवटी. आधी लावलेला काळा रंग फिका करायला त्यावर तपकिरी रंग लावला तर काही होत नाही, कलरवर कलर उजळत नाही. दर महिन्याला टोकांपर्यंत रंग ओढला की टोकं कोळशासारखी होतात. वाढलेल्या मुळांवरच लावा.

सगळ्यात धोक्याची ती मेंदी. बाजारातल्या काही काळ्या मेंदीत आणि घरगुती डायमध्ये धातूंचे क्षार असतात, त्यांच्यावर पेरॉक्साइड पडलं की केस तापतो आणि तुटतो. मेंदी लावलेलं डोकं आलं की चार केस कापून २० व्हॉल्यूममध्ये अमोनियाचे काही थेंब टाकून अर्धा तास बुडवा. बुडबुडे, ऊब किंवा विचित्र रंग दिसला तर त्या डोक्याला हात लावू नका, कितीही पैसे देत असले तरी.

गिऱ्हाइकाला डायची अॅलर्जी झाली तर?

कारण बहुतेक वेळा पीपीडी, म्हणजे डायमधलं रंग देणारं रसायन. कानामागे किंवा कोपराच्या आतल्या बाजूला थेंबभर डाय लावून ४८ तास वाट बघायची, हा एकच मार्ग. "मी नेहमी लावतो" हे उत्तर पुरेसं नाही, अॅलर्जी दहाव्या वेळीही उपटते. पूर्वी हातावर काळी मेंदी काढून फोड आले होते का, हे मुद्दाम विचारा.

खाज सुरू झाली की लगेच भरपूर पाण्याने धुवा. पापण्या किंवा ओठ सुजले तर डॉक्टरकडे, श्वास अडकत असेल तर थेट रुग्णालयात, आणि ट्यूबचं खोकं बरोबर न्या. त्यानंतर गिऱ्हाइकाला रोज फोन करा. धंदा बुडतो तो चुकीने कमी आणि फोन न उचलल्याने जास्त.

केरॅटिन, स्मूदनिंग करावं का? पैसा चांगला आहे.

आहे, पण डोळे चुरचुरायला लावणारा धूर फॉर्मल्डिहाइडचा असतो, आणि गिऱ्हाईक तो तीन तास घेतं तर तुम्ही रोज घेता. "फॉर्मल्डिहाइडमुक्त" लिहिलेल्या काही मालात ग्लायऑक्झिलिक आम्ल असतं. ते टाळूवर लागल्यानंतर मूत्रपिंडाला इजा झाल्याची प्रकरणं वैद्यकीय नियतकालिकांत आली आहेत. खिडकी आणि एक्झॉस्ट नसलेल्या दुकानात हे काम घेऊच नका. घेतलं तर टाळूपासून बोटभर अंतर सोडा, गरोदर बाईला नाही म्हणा, आणि बाटलीवरची घटकांची यादी नसलेला माल कितीही स्वस्त मिळाला तरी ठेवू नका.

स्वच्छतेचं किमान काय?

ब्लेड प्रत्येक गिऱ्हाइकाला नवं, पाकीट त्याच्यासमोर फोडायचं. कावीळ बी, सी आणि एचआयव्ही रक्तातून पसरतात. वापरलेली ब्लेडं जाड प्लास्टिकच्या बाटलीत टाका, नाहीतर घंटागाडीवाल्याचा हात कापतो. तुरटीचा एकच खडा सगळ्यांच्या गालांवरून फिरवणं बंद करा, तुरटीचं पाणी फवाऱ्यात भरा. निळ्या दिव्याच्या पेटीने मळकं हत्यार स्वच्छ होत नाही, ती फक्त स्वच्छ केलेलं ठेवायला. आधी केस झाडा, साबणाने धुवा, मग ७० टक्के अल्कोहोल. ब्लीचच्या पाण्यात कात्री बुडवली तर गंजते.

मालिशनंतर मान कडाकडा मोडणं आजपासून थांबवा. मानेतली रक्तवाहिनी फाटून पक्षाघात होऊ शकतो. गिऱ्हाईक आग्रह करेल. खांदे दाबून द्या.

पाठ, मनगट, पाय जातात का?

जातात, वाकून काम केलं तर. गिऱ्हाइकाची खुर्ची वर-खाली करा, कोपर खांद्याच्या वर जाऊ देऊ नका. ओल्या हातांचा इसब शिकाऊ मुलांना पहिल्या वर्षात होतो, धुताना आणि कलरला नायट्राइलचे हातमोजे वापरा. बोटांच्या बेचक्यात बारीक केस घुसून गळू होतं, रात्री बेचक्या साबणाने धुऊन पुसा. केस उजळवायच्या ब्लीचची पूड उडवत कालवली तर वर्षा-दोन वर्षांत दमा लागलेले कारागीर आहेत. पूड आधी वाटीत, मग हळू पेरॉक्साइड, तोंड लांब.

समोर मोठ्या साखळीचं एसी सलून आलं. दर कमी करू?

नको. पहिले तीन महिने त्यांच्याकडे गर्दी असणारच. तुमच्याकडे असलेलं ते देऊ शकत नाहीत : सकाळी सातला उघडं शटर, तोच हात, आणि आजोबांना घरी जाऊन कटिंग. टॉवेल बदला, बसायची जागा सुधारा, वेळ घेऊन येण्याची सोय करा. दर वाढवायचा असेल तर दिवाळीनंतर, दहा रुपयांनी, महिनाभर आधी पाटी लावून.

दुबई, सौदीला जाऊन पैसा कमवून परत आलो तर?

अनेकजण तसं करतात आणि त्यातून दुकान उभं राहतं. एजंट परवानाधारक आहे का ते ई-मायग्रेट संकेतस्थळावर बघा. तो कायद्याने ३०,००० रुपये अधिक जीएसटी एवढंच शुल्क घेऊ शकतो. लाख-दीड लाख मागणारा, किंवा पर्यटन व्हिसावर पाठवून "तिकडे गेल्यावर बदलू" म्हणणारा नको. दहावी पास नसाल तर पासपोर्टवर ईसीआर (स्थलांतर तपासणी आवश्यक) ही नोंद असते आणि आखाती देशांत नोकरीसाठी जाताना वेगळी मंजुरी लागते.

तीन महिने तोटा चालला आहे. दुकान बंद करायचं हे कसं ठरवावं?

२०२० च्या मार्चमध्ये बंद झालेली महाराष्ट्रातली सलून २८ जूनला उघडली, तीही केस कापणं, कलर, वॅक्सिंग, थ्रेडिंग एवढ्यापुरती. २०२१ च्या एप्रिलमध्ये पुन्हा शटर खाली आलं. त्यात जी टिकली त्यांच्याकडे बहुधा तीन महिन्यांचं भाडं बाजूला होतं किंवा जागामालकाशी बोलण्याजोगे संबंध होते.

तोटा कशाचा, ते वेगळं करा. गिऱ्हाइकं तेवढीच आहेत आणि पैसा उरत नाही, तर भाडं किंवा हप्ता जड आहे. जागामालकाकडे जा, आणि बँकेत हप्ता चुकण्याच्या आधी जाऊन मुदत वाढवून मागा. हप्ता चुकल्यावर तेच बोलणं कठीण होतं. गिऱ्हाइकं कमी झाली असतील तर वहीतून न आलेल्या तीस जणांना फोन करून सरळ विचारा. चार-पाच जण खरं कारण सांगतात, आणि ते बहुधा एकच निघतं : थांबावं लागतं, कारागीर बदलला, किंवा दुकानाला वास येतो.

दोन्ही करून अजून दोन महिने मालकाची कमाई दुसऱ्याकडच्या टक्केवारीपेक्षा कमी राहिली, तर बंद करा. उधारी वाढवून वर्षभर ओढण्यापेक्षा खुर्च्या, आरसे विकून डिपॉझिट परत घ्या आणि एखाद्या चालत्या दुकानात खुर्ची भाड्याने घ्या : रोजचे ठरलेले पैसे मालकाला, बाकी गल्ला तुमचा. गिऱ्हाइकांना नवा पत्ता शटर उतरवण्याच्या पंधरा दिवस आधी कळवा. बंद शटरवर चिकटवलेला कागद पावसात दोन दिवस टिकतो.